जिथं मराठी माणूस नसेल

“पण तिथं मराठी माणसं असतील का?” रोहिणीनं विचारलं, आणि दबीरनं तोंडाकडे नेलेला थालीपिठाचा घास परत ताटलीत ठेवला.

“वहिनी, अल्बानियात?” तो म्हणाला. “अल्बानियात मराठी माणूस कशाला मरायला जाईल?”

“आपण चाललोच आहोत ना.”

यावर वृंदा, म्हणजे दबीरची बायको, खळखळून हसली. मला मात्र हसू आलं नाही. तो आमचा पाचवा रविवार होता. पाच रविवार आम्ही चौघं माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती लॅपटॉप उघडून बसत होतो आणि पाचही रविवार माझी बायको रोहिणी एकेक देश नकाशावरून पुसून टाकत होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि प्रभाकर दबीर नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बरोबर होतो. मी उत्पादनात, तो खरेदीत. तीन महिन्यांच्या अंतरानं आम्ही रिटायर झालो आणि ठरवलं की जूनमध्ये पंधरा दिवस चौघांनी भूमध्य समुद्राकाठी जायचं. धावपळ नाही, रोज एक किल्ला आणि दोन चर्च असला कार्यक्रम नाही. समुद्र, घर, आराम. दबीरनं त्यासाठी नवा कॅमेरासुद्धा घेतला.

पहिल्या रविवारी ग्रीस जवळजवळ नक्की झालं होतं. एका टूर कंपनीचं पत्रक वृंदानं आणलं होतं, त्यावर निळ्या घुमटांचा फोटो होता. रोहिणीनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “नको. तिथं निम्मं नाशिक भेटेल. कुणाला फारसं माहीत नाही असं काहीतरी बघा.”

मला आश्चर्य वाटलं, कारण तोवर कुठल्याही सहलीबद्दल रोहिणीचं काही मत नसायचं. काश्मीर, केरळ, सिंगापूर, सगळीकडे ती ‘तुम्ही ठरवाल तिथं’ म्हणून बॅग भरायची. मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, बायकोला हौस आली. आणि माझ्या सवयीप्रमाणे तक्ता केला. ठिकाण, हवामान, विमान, घर, बाजार, शाकाहारी जेवण, व्हिसा, असे सात रकाने.

त्या सात रकान्यांचे चार आठवड्यांत अकरा झाले. नवे चारही रोहिणीचे. सकाळी सात वाजता किनाऱ्यावर किती गर्दी असते. आडोसा आहे का. घरापासून पाण्यापर्यंत किती पावलं. आणि शेवटचा, मराठी माणसं. आता सकाळी सात वाजताची गर्दी मी कुठून शोधू? लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो मोठे करून करून सावल्या किती लांब आहेत ते बघायला लागलो.

क्रोएशिया गेलं, कारण आमच्या मुलीच्या सासूबाई तिथं जाऊन आल्या होत्या. मॉन्टेनेग्रो गेलं, कारण किनाऱ्यावरच्या खुर्च्या एकमेकींना चिकटून होत्या. तुर्कस्तानातलं दात्चा नावाचं एक टोक तिला आवडलं होतं, पण घरात न्हाणीघर एकच निघालं. आणि आता अल्बानिया. दबीरनं आठवडाभर खपून शोधलेलं.

“फोटोत बघा ना,” रोहिणी म्हणाली. “घराची गॅलरी आणि शेजारची गॅलरी एकच आहे.”

“अगं, शेजारी आपणच असणार!” मी म्हणालो. “एका बाजूला आपण, एका बाजूला हे दोघं.”

ती उठून आत गेली आणि चहा टाकला.

दबीर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “कर्ण्या, वहिनींना यायचंय ना नक्की?”

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. हाच दबीर रोहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी सहा रात्री दवाखान्यात बाकावर झोपला होता. त्याच्या दोन वर्षं आधी तिला कॅन्सर निघाला, डावा स्तन काढावा लागला. मग केमो, मग रेडिएशन. सगळं पार पडलं, रिपोर्ट चांगले आले, केस परत आले. जानेवारीपासून ती पुन्हा टँकवर पोहायलाही जायला लागली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी महापालिकेच्या टँकवर पोहणं शिकलेली ही बाई, पण मासोळी झाली होती अगदी. आजारापर्यंतच्या दहा वर्षांत तिनं बायकांची बॅच कधी चुकवली नव्हती. तेव्हा ते प्रकरण माझ्या लेखी मिटलं होतं.

सहाव्या रविवारी दबीरनं विजयी मुद्रेनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. इटली. अमाल्फीच्या प्रसिद्ध किनाऱ्याची सगळी गर्दी संपते त्याच्याही खाली दक्षिणेला सिलेंतो नावाचा किनारा आहे. तिथलं एक लहानसं गाव. टेकडीच्या पायथ्याशी सुटं घर, दोन खोल्या, दोन न्हाणीघरं, गॅलऱ्या दोन दिशांना. पाण्यापर्यंत एकशे दहा पावलं, ती त्यानं घरमालकिणीला पत्र पाठवून मोजून घेतली होती.

“आणि वहिनी, मी तिला तेही विचारलं,” दबीर म्हणाला. “आजवर तिनं एकही भारतीय माणूस पाहिलेला नाही. मराठी लांबच राहिला.”

रोहिणीनं फोटो पाहिले. एकेक करत, सगळे. तिचा चेहरा हळूहळू असा मोकळा झाला की मला वाटलं, सुटलो.

“छान आहे,” ती म्हणाली. “खूपच छान आहे.”

“हुश्श!” वृंदानं टाळी वाजवली. “रोहिणी, मी पण एक कॉस्च्यूम घेणार हं. तू मला शिकव पाण्यात. आपण दोघी रोज सकाळी उतरायचं. आणि हे काढतील फोटो. ऑफिसच्या ग्रुपवर टाकू, जळू देत सगळ्यांना.”

“फोटो काढायलाच हवेत का?” रोहिणीनं विचारलं.

“म्हणजे काय वहिनी! कॅमेरा काय पुजायला घेतलाय?”

पाहुणे गेल्यावर मी ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“आपण दोघंच जाऊ या का?” ती म्हणाली.

मी ताटल्या आदळल्या. मी असा ताटल्या आदळणारा माणूस नाही, पण आदळल्या.

“रोहिणी, सहा आठवडे! सहा आठवडे तो माणूस तुझ्यासाठी गॅलऱ्या मोजतोय. पावलं मोजून घेतली त्यानं, पावलं! आणि आता त्यालाच नको म्हणू?”

“मी नको नाही म्हणत त्यांना. दोघंच जाऊ, एवढंच म्हणतेय.”

“का पण?”

“असंच.”

“असंच हे कारण नाही.”

“मग नसू दे.”

मी तावातावानं बाहेर आलो आणि तिथल्या तिथं ते घर पक्कं करून टाकलं. चौघांसाठी. आत जाऊन तिला तसं सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ बंद न करता म्हणाली, “मग तुम्ही तिघं जा.”

त्यानंतर चार दिवस आमच्या घरात मीठ, किल्ल्या आणि दूधवाला यापलीकडे संभाषण झालं नाही. मला इतका वैताग आला होता की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी तिच्याशी मनातल्या मनात भांडायचो आणि दर वेळी जिंकायचो.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला व्हिसाच्या एजंटचा फोन आला. मॅडमचा फोटो चालत नाही, मापात बसत नाही, आजच्या आज दुसरा काढून पाठवा. रोहिणी टँकवर गेली होती आणि तिचा मोबाइल फ्रिजवर वाजत होता. मी चडफडत गाडी काढली.

बायकांची बॅच चालू असताना पुरुषांना आत सोडत नाहीत. दारावर मंदाताई म्हणून एक बाई असायच्या, शिट्टी गळ्यात अडकवलेल्या. मी म्हटलं, “जरा मिसेस कर्णिकांना बाहेर बोलावता का? पाण्यात असतील, पण अर्जंट आहे.”

मंदाताईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

“मॅडम पाण्यात नसतात, साहेब.”

“म्हणजे? आज आल्या नाहीत?”

“रोज येतात. पण उतरत नाहीत. तिकडं मागं, मोटारीच्या खोलीपाशी पायरीवर बसतात तासभर. मग नळाखाली कॉस्च्यूम भिजवतात, पिळतात आणि जातात. मला वाटलं तुम्हाला माहिती असंल.”

जानेवारीपासून आमच्या मागच्या गॅलरीत दोरीवर रोज दुपारी तो निळा कॉस्च्यूम ठिबकत असायचा. मी एकदा तिला म्हणालोही होतो की घट्ट पिळत जा, फरशी ओली होते.

मंदाताईंनी मला बाहेरच्या बाहेर भिंतीच्या कडेनं मागं जायची वाट दाखवली. रोहिणी पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आतून बायकांचे हसण्याचे आणि पाण्याचे आवाज येत होते. मला बघून ती उभी राहिली.

“एजंटला फोटो हवाय,” मी म्हणालो.

आम्ही स्टुडिओत गेलो. फोटोवाला तिला सांगत होता, “हसायचं नाही हं मॅडम, व्हिसाचा आहे,” आणि ती काही हसत नव्हती. मग गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“मला सांगायचंस तरी,” मी म्हणालो.

“सांगून काय केलं असतंत? तक्ता?”

मग तीच बोलायला लागली, समोरच्या काचेकडे बघत.

“पहिल्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत गेले ना, तर सगळ्या एकदम गप्प झाल्या. मग जोगळेकरबाई मला मिठी मारून रडायला लागल्या. मीच त्यांना पाणी आणून दिलं. मग एकीनं तिचा कोपरा मला दिला, एकीनं चादर धरली आडोशाला. फार चांगल्या आहेत हो सगळ्या. तोच तर ताप आहे.”

“पण डॉक्टरांनी तो पॅड दिलाय ना आत घालायला?”

“तो पाण्यात सरकतो. गळ्याशी येतो. आणि तो नाही घातला की एक बाजू सपाट. मला त्याचं काही नाही. खरंच नाही. पण ज्यानं मला आधी बघितलंय ना, ते माणूस समोर आलं की ते आधीचं शोधायला लागतं. वृंदा पण शोधेल. आणि दबीर भावजी, बघायचं नाही म्हणून पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसतील. मला एकदा पोहायचंय. जिथं कुणाला काही शोधायचं नसेल अशा ठिकाणी. एकदा जमलं की मग इथंही जमेल, असं वाटतं.”

“मग दोघंच जाऊ म्हणालीस, त्यात मी तर असणारच होतो.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली.

“तुम्ही कुठं बघता? मी कपडे बदलायला लागले की दोन वर्षं तुम्ही पेपर उचलताय.”

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्याला त्याची गाडी काढायची होती. मला ते ऐकू येत होतं, पण मी गाडी काढली नाही. मी तिला संकोच वाटू नये म्हणून पेपर उचलत होतो, अशी माझी समजूत होती. दोन वर्षं मी स्वतःला समंजस नवरा समजत होतो.

घरी आल्यावर मी दबीरला फोन लावला. खरं सांगणं सोपं होतं. पण ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता, आणि सांगितलं असतं तर दबीर नवराबायको तासाभरात डोळे पुसत आमच्या दारात उभे राहिले असते, हेही मला माहीत होतं.

“दबीर, तू आणि वृंदा इटलीला येऊ नका,” मी म्हणालो. “आम्ही दोघंच जातोय.”

“वहिनी काही म्हणाल्या का?”

“नाही. तिचा काही संबंध नाही. माझंच.”

“माझं काही चुकलं का, कर्ण्या?”

तो कारण शोधणार. खरेदीतला माणूस, कारण मिळाल्याशिवाय सोडणार नाही. मग मी त्याला पटेल असं कारण दिलं.

“तू फार बोलतोस, दबीर. ऑफिसात आठ तास ठीक होतं. पंधरा दिवस एका घरात मला ते झेपणार नाही.”

मग तो म्हणाला, “बरं. घर तुम्हीच ठेवा. चांगलं आहे ते,” आणि फोन ठेवला.

रोहिणी दारात उभी होती. “असं कशाला बोललात?” ती चिडून म्हणाली. “तब्येतीचं सांगायचं, काहीतरी सांगायचं. इतकं लागेल असं कशाला?”

“तब्येतीचं सांगितलं असतं तर तो औषधं घेऊन आला असता.”

“तुम्हाला ना धड भांडताही येत नाही आणि धड खोटंही बोलता येत नाही,” ती म्हणाली आणि आत जाऊन रडली.

दबीर आणि मी आजही बोलतो. लग्नाकार्यात भेटतो, शेजारी बसून जेवतोही. पण त्यानंतर माझ्यासमोर तो कधी मोकळेपणानं बडबडला नाही. दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो, आणि थांबताना माझ्याकडे बघतो. पुढं काही वर्षांनी रोहिणीनं स्वतःहून वृंदाला सगळं सांगितलं. वृंदा रडली, रोहिणीशी पहिल्यासारखी झाली. दबीरच्या कानावरही गेलं असणारच. पण जे वाक्य मी बोललो होतो, ते खोटं होतं असं त्याला वाटलं नाही. कारण ते पूर्ण खोटं नव्हतंच.

आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. घर फोटोत होतं तसंच होतं. पाण्यापर्यंत एकशे दहाच पावलं भरली. पहिले दोन दिवस रोहिणी साडी सावरत किनाऱ्यावरून नुसती चालली. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर ती कॉस्च्यूम घालून, वर टॉवेल गुंडाळून तयार होती.

सातला पाच कमी होते. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. दूर एक म्हातारा इटालियन जाळं झटकत होता, त्यानं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. रोहिणी पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिनं टॉवेल माझ्या हातात दिला. मी बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. डावीकडे कापड सैल होतं आणि वाऱ्यानं जरासं हलत होतं. बस, एवढंच होतं ते.

तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून आवाज आला, “आई, चप्पल काढू नका हो! खडे आहेत खाली!”

“आयला!” माझ्या तोंडून निघून गेलं. मोठ्यानं.

संपलं. पायऱ्यांवरचे तिघंही जागच्या जागी थांबले. एक तरुण, त्याची बायको, आणि नऊवारी नेसलेली एक सत्तरीची बाई.

“तुम्ही मराठी?” तरुणाचा चेहरा उजळला. “आम्ही कोल्हापूरचे! मी मिलानला असतो, आईला समुद्र दाखवायला आणलंय. काय योगायोग आहे बघा! इथं कुणीच येत नाही म्हणून तर आम्ही हे गाव शोधलं.”

मी मनातल्या मनात अख्ख्या महाराष्ट्राला शिव्या घातल्या. सहा आठवडे, अकरा रकाने, एक मित्र, आणि शेवटी हे! मी टॉवेल उघडून रोहिणीकडे धावलो. ती तशीच उभी होती, हात छातीशी आवळून.

म्हातारी तोवर चपला हातात घेऊन वाळूतून आमच्यापर्यंत पोचली होती. तिनं रोहिणीकडे सरळ बघितलं. वर, खाली, आणि मग डावीकडे. लपवालपवी नाही.

“आपरेशन झालंय न्हवं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “अहो, जरा...” पण रोहिणीनं मला हातानं थांबवलं.

“हो,” ती म्हणाली. “डावीकडचं.”

“माझ्या धाकट्या जावंचं उजवीकडचं हाय. शेतावर जाती.” म्हातारीनं पदर खोचला आणि पाण्याकडे मान केली. “गार हाय का?”

“माहीत नाही. अजून उतरले नाही.”

“मग जा की. बगून सांग मला.”

रोहिणी तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. इतकं, की तिला वाकून गुडघ्यांवर हात ठेवावे लागले. आणि हसता हसताच ती वळली आणि पाण्यात शिरली. गुडघे, कंबर, आणि मग एकदम आडवी होऊन तिनं हात मारला.

“गार आहे!” ती ओरडली. “पण छान आहे!”

तरुण मला विचारत होता की इथं भाजी कुठं मिळते, तुम्ही कुठले, नाशिकला कुठं राहता, पाटील म्हणून कुणी ओळखीचे आहेत का. मी हं हं करत होतो आणि माझं सगळं लक्ष पाण्यावर होतं. ती लांब लांब चालली होती. एकसारखे हात पडत होते, डोकं लहान होत चाललं होतं. मला पोहता येत नाही. मी पँट वर न करताच गुडघाभर पाण्यात गेलो.

“रोहिणी! पुरे! मागं फिर आता! रोहिणी, ऐकू येतंय का?”

म्हातारी काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती.

“कशाला वरडताय?” ती म्हणाली. “ऐकू येतंय की तिला. ऐकायचं न्हाई, एवढंच.”